घरच्या पूजेत ऊद-धूप नीट कसा घालावा: निखारा, राख आणि खडे

धूप घातला की घर सुवासिक होण्याऐवजी डोळे चुरचुरतात, देव्हाऱ्याचं छत काळं पडतं, घसा खवखवतो. मग दोष दुकानदाराला दिला जातो. कधी तो खराही असतो, पण जास्त वेळा चूक निखाऱ्याची असते. ऊद, गुग्गुळ, राळ हे सगळे झाडांचे वाळलेले चीक आहेत. ते पेटवायचे नसतात, तापवायचे असतात. मंद तापले की त्यांतलं सुगंधी तेल पांढऱ्या धुराबरोबर वर येतं. लालभडक निखाऱ्यावर थेट पडले की ते उकळतात, पेट घेतात आणि काजळी सोडतात. ही आच मोजायला यंत्र लागत नाही. निखारा आणि खडा यांच्यामध्ये राखेचा थर किती ठेवायचा, एवढं कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

दुकानात काय मागायचं

सोलापुरात मधला मारुती, टिळक चौक या बाजारपेठेत पूजासाहित्य घेताना नुसता 'धूप द्या' म्हटलं, तर बहुधा तयार मिश्रणाची पुडी हातात येते. त्यात भुसा, रंग आणि अत्तर किती आणि खरा चीक किती, हे पुडीवरून कळत नाही. म्हणून खडे सुटे मागा आणि घरी मिसळा. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत ज्याला सांब्राणी म्हणतात, दर्ग्यात गुरुवारी जो लोबान जाळतात आणि मराठी घरात ज्याला ऊद म्हणतात, तो मुळात एकच जिन्नस. त्यामुळे एका दुकानात चांगला माल नसेल तर दुसरं नाव घेऊन पुढच्या दुकानात विचारायला हरकत नाही.

ऊद सुमात्रा आणि लाओस-थायलंडकडच्या झाडांचा. खडा फोडून पाहा. चांगल्या खड्यात तपकिरी गाभ्यात पांढुरके गोलसर कण दिसतात आणि तळहातावर चोळला की व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. आतून एकसारखा काचेसारखा, पिवळट आणि टर्पेंटाइनचा वास मारणारा खडा असेल, तर तो ऊद नव्हे, चिडाच्या (पाइनच्या) झाडाचा चीक, म्हणजे बेरजा आहे. स्वस्तातला 'लोबान' बहुतेक वेळा हाच असतो आणि तोच सगळ्यात जास्त काजळी धरतो.

गुग्गुळ राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या पट्ट्यातल्या काटेरी झुडपाचा. चीक जास्त यावा म्हणून खोल घाव घातले की हे झुडूप मरतं. याच ओरबाडण्यामुळे ते आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणून खरा गुग्गुळ महाग असतो आणि म्हणूनच त्यात भेसळ जास्त. परीक्षा सोपी आहे: वाटाण्याएवढा तुकडा अर्धी वाटी कोमट पाण्यात बोटांनी चोळा. खऱ्या गुग्गुळाचं पाणी दुधाळ होतं. बाभळीचा डिंक विरघळून पाणी चिकट पण पारदर्शक राहतं, आणि बेरजा तसाच्या तसा तळाशी बसतो.

सलईचा डिंक मात्र उगाच दुर्लक्षिला गेला आहे. सलई आपल्याच राज्यातली, मेळघाट-सातपुड्याच्या डोंगरांत वाढणारी. दुकानात कुंदरू किंवा सलई गुग्गुळ म्हणून मिळते. वास हलका, थोडा लिंबासारखा, आणि राखेवर नीट तापवला तर काजळी कमी. रोजच्या पूजेला गुग्गुळाचा हट्ट न धरता सलई वापरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गुग्गुळ सणावारासाठी राहू द्या.

राळ मूळची साल वृक्षाची. ती भडकन पेटते. मशालीवर मूठभर पूड फेकून भडका उडवतात ती हीच. म्हणून घरात राळेची बारीक पूड कधीही निखाऱ्यावर टाकू नका. मिश्रणातही ती दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

कापूर हा धूप नव्हे. आजच्या कापराच्या वड्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतात, त्यांचं काम गोवरी पेटवणं आणि आरती. लहान मुलांच्या हाती मात्र ती वडी लागू देऊ नका. एखादी गिळली तरी मुलाला झटके येऊ शकतात, आणि दिसायला ती खडीसाखरेसारखीच असते.

धुपाटणं

पितळी धुपाटण्याला लांब दांडा हवा, आणि दांड्याला लाकडी मूठ. नुसता पितळी दांडा पाच-सात मिनिटांत हातात धरवत नाही. वाटी उथळ नको, निदान दोन इंच खोल हवी. तळाला किंवा कडेला छिद्रं असतील तर उत्तम, कारण खालून वारा मिळाला नाही तर गोवरी मध्येच विझते. कुंभाराकडचं मातीचं धुपाटणं स्वस्त आणि उष्णता धरून ठेवणारं, पण नवं कोरं आणून लगेच निखारा ठेवला तर तडकतं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दोन दिवस सावलीत वाळवा, आणि पहिल्या वेळी निखारा अर्धाच घाला.

वाटी पितळी असो वा मातीची, तळाला बोटाच्या एका पेराएवढी कोरडी वाळू किंवा जुनी चाळलेली राख घाला. तळ तापत नाही आणि खालच्या पाटावर डाग पडत नाही. छिद्रं तळालाच असतील तर वाळू न घालता धुपाटणं फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

निखारा

गोवरी एक बोट जाडीची, हातात मोडली की कट्कन आवाज करणारी हवी. मोडताना वाकली किंवा आतून हिरवट-काळी दिसली तर ती ओली आहे. असली गोवरी नुसती धुमसते, आणि तो कडवट धूर उदाचा समजून लोक ऊदच बदलत बसतात. सोलापुरात ही अडचण नेमकी नवरात्राच्या तोंडावर येते. इथे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीचा. पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या गोवऱ्या वरून कोरड्या आणि आतून दमट असतात. घटस्थापनेच्या आधी ऊन पडेल ते दोन दिवस त्या गच्चीवर घाला. ऊनच नसेल तर मोडलेले तुकडे जाड तव्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं, उलटत पालटत, समोर उभं राहून सुकवा.

उलट, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हवा कोरडी खडखडीत असते. तेव्हा तीच गोवरी भराभर जळून जाते. त्या दिवसांत तुकडा मोठा घ्या आणि वर राख थोडी जास्त ठेवा.

दहा बाय बाराच्या खोलीला तळहाताच्या निम्म्या आकाराचा एक तुकडा पुरतो. त्याचे तीन-चार भाग करा, मध्ये पोकळी राहील असे एकमेकांवर टेकवा आणि पोकळीत कापराची एक वडी किंवा तुपात बुडवलेली वात ठेवून पेटवा. हे काम अंगणात, गॅलरीत किंवा गच्चीवर करायचं. पेट घेतल्यावर पहिली काही मिनिटं ज्वाळा आणि पिवळट धूर असतो. हा धूर घरात यायचं काहीच कारण नाही. आठ-दहा मिनिटांनी ज्वाळा शमते, तुकडे आतून लाल आणि वरून पांढरट होतात. धूर जवळपास थांबला की निखारा तयार झाला.

आता चिमट्याने तुकडे धुपाटण्यात सपाट पसरा आणि त्यांच्यावर चाळलेली राख चिमटीने भुरभुरवा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी लाली फिकट दिसेल पण पूर्ण झाकली जाणार नाही, इतकी राख घालावी. मग ज्वारीच्या दाण्याएवढा उदाचा एकच खडा ठेवून बघा:

- खडा हळूहळू मऊ होऊन पांढरा धूर सरळ वर गेला, तर आच बरोबर.
- खडा तडतडला, फुगला, कडेने काळा पडला, तर आच जास्त. आणखी एक चिमूट राख घाला.
- खडा नुसता वितळून बसला आणि धूर नाही, तर राख जास्त किंवा निखारा मेला. काडीने राख थोडी बाजूला करा आणि पंख्याने वारा घाला.

फुंकर मारू नका. पूजेत ते उष्टं मानतातच, शिवाय राख आणि ठिणग्या थेट तोंडावर येतात. ताडपत्राचा छोटा पंखा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

गोवरीचा निखारा वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, बाभळीचा कोळसा त्याच्या जवळपास दुप्पट. घरोघरच्या आरतीला गोवरी बरी, मंडळाच्या मांडवात कोळसा. नारळाच्या करवंटीचा कोळसा फार तापतो, त्यावर राखेचा थर दुप्पट लागतो. दुकानात मिळणाऱ्या गोल कोळशाच्या वड्यांत लवकर पेटावं म्हणून सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घातलेला असतो. पेटताना त्या ठिणग्या उडवतात आणि वाईट वास सोडतात. वडी कडेपासून कडेपर्यंत राखाडी होईपर्यंत तिच्यावर काहीच ठेवू नका.

पूजेत कधी, किती, कसा

पंचोपचारांचा क्रम गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असा आहे. म्हणजे निखारा आधीच तयार हवा. फुलं वाहून झाल्यावर गोवरी पेटवायला धावलात तर दहा मिनिटं पूजा अडते, आणि घाईत ज्वाळा शमायच्या आत ऊद पडतो. पूजेला बसण्याआधी दहा-बारा मिनिटं गोवरी पेटवा, मग हात धुऊन संकल्प करा.

धूप दाखवताना उजव्या हातात धुपाटणं, डाव्या हातात घंटा. 'वनस्पतिरसोद्भूतो' हा श्लोक म्हणून 'धूपमाघ्रापयामि' म्हणतात, म्हणजे देवाला सुगंध हुंगवायचा. गाभारा धुराने भरून टाकायचा नाही. मूर्ती किंवा टाक यांच्यापासून दीड फूट अंतर ठेवा. देवीच्या चांदीच्या टाकांवर आणि तसबिरींच्या काचेवर बसणारा चिकट तपकिरी थर जवळून दाखवलेल्या धुपाचाच असतो, आणि तो साध्या पाण्याने निघत नाही.

एका वेळी पाव चहाचा चमचा, साधारण एक ग्रॅम. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेवढाच, असं तीन वेळा. एकदम चमचाभर ओतला तर खालचा थर वितळून निखाऱ्यावर डांबरासारखा पसरतो, हवा कोंडते आणि पाच मिनिटांत निखारा मरतो. मग लोक पंखा घालतात, वितळलेला थर पेट घेतो आणि भडका उडतो. धुपाटण्यातले बहुतेक छोटे अपघात याच क्रमाने होतात. भडका उडालाच तर पाणी ओतू नका, ताटली झाका. म्हणून धुपाटण्याच्या तोंडावर बसेल अशी एक ताटली कायम जवळ हवी. मांडव मोठा असेल तर एका धुपाटण्यात ढीग घालण्याऐवजी दोन ठिकाणी दोन धुपाटणी ठेवा.

नंतर घरभर धूप फिरवायचा असेल तर पदर, ओढणी, धोतराचा सोगा आधी खोचून घ्या. नायलॉनचं कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. स्वयंपाकघरात जाण्याआधी सिलिंडरचं बटण बंद करा. फिरवताना एक खिडकी किलकिली असू द्या, आणि दहा मिनिटांनी सगळ्या उघडा. वास कपड्यांत, लाकडात राहतोच. धूर कोंडून ठेवल्याने तो वाढत नाही.

घरचं मिश्रण, 100 ग्रॅम

सलईचा डिंक किंवा गुग्गुळ 30 ग्रॅम, ऊद 20, राळ 10, चंदन किंवा देवदाराचा चुरा 15, आणि सुगंधी मुळ्यांपैकी नागरमोथा 10, वाळा 5, जटामांसी 5, कापूरकाचरी 5. वर एक चहाचा चमचा तूप.

यातला प्रत्येक जिन्नस कामाचा आहे. डिंक आणि ऊद मुख्य वास देतात, राळ मिश्रण तापायला मदत करते, लाकडाचा चुरा वितळलेला चीक धरून ठेवतो. चुरा कमी पडला तर सगळं वितळून पसरतं, जास्त झाला तर नुसता लाकूड जळल्याचा वास येतो. नागरमोथा आणि वाळा मागून येणारा मातकट वास देतात. वाळा पाच ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, जळक्या गवतासारखा वास यायला लागतो. चंदनाच्या नावाने मिळणारी स्वस्त पूड बहुधा अत्तर लावलेला भुसा असते. त्यापेक्षा सरळ देवदार घ्या. जटामांसी हिमालयातली, महाग आणि दुर्मीळ होत चाललेली. ती वगळून नागरमोथा 15 केला तरी चालतं.

कुटताना क्रम पाळा. मुळ्या आणि लाकूड आधी, त्यांची जाडसर भरड करा. राळ वेगळी ठेचा, मिक्सरमध्ये नको, कारण पात्यांच्या उष्णतेने ती भांड्याला चिकटते आणि तिची उडालेली पूड पेटणारी असते. गुग्गुळ खलबत्त्याला गच्च चिकटतो. तो आधी दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, मग थोडा लाकडाचा चुरा बरोबर घालून कुटा. सगळे चीक ज्वारीच्या दाण्याएवढे राहू द्या. पीठ केलं तर ते क्षणात जळून जातं. शेवटी तूप हाताने चोळून लावा. त्याने पूड उडत नाही आणि मिश्रण एकजीव होतं. एका चमच्याहून जास्त तूप झालं तर तळल्यासारखा वास येतो. बरणीत आठवडाभर मुरलं की वास एकमेकांत मिसळतात, त्याआधी मिश्रण जरा तुटक लागतं.

फ्लॅटमध्ये निखारा शक्य नसेल तर धूपकांड्या करा. शेणाची चाळलेली पूड दोन वाट्या, वरच्यासारख्या मुळ्या-लाकडांची पूड एक वाटी, ऊद आणि सलई मिळून फक्त पाव वाटी, तूप दोन चमचे, आणि मळता येईल इतकंच पाणी. चीक याहून वाढवला तर कांडी वितळून अर्ध्यात विझते. कांड्या करंगळीएवढ्या जाड वळा आणि सावलीत चार-पाच दिवस वाळवा. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या तासाभरात वाळल्यासारख्या दिसतात, पण वरची साल आधी आखडते, आतला ओलावा अडकतो आणि कांडी भेगाळून मोडते. विकतचे सांब्राणी कप याच तत्त्वावर बनतात. घेताना मधल्या खळग्यात खरे खडे दिसतात का बघा, नुसती रंगीत पूड असेल तर सोडून द्या.

कुठे सांभाळायचं

यंत्रमागाच्या कारखान्यात दसऱ्याला, अमावास्येला धूप फिरवायची पद्धत आहे. चादरी आणि टॉवेलच्या मागांखाली, तुळयांवर, दिव्यांच्या तारांवर सुताचे बारीक तंतू साचलेले असतात, आणि त्यावर एक ठिणगी पडली की आग पृष्ठभागावरून पळत जाते. कारखान्यात धूप घालायचाच असेल तर आदल्या दिवशी वरून खाली झाडून घ्या, माग आणि पंखे बंद करा, छिद्रांचं झाकण असलेलं धुपाटणं वापरा आणि ते देवाच्या कोनाड्यापाशीच ठेवा. मागांच्या रांगांमधून फिरवू नका. वाळूची बादली शेजारी असू द्या.

एका खोलीच्या घरात रात्री धुपाटणं तसंच ठेवून दार लावून झोपणं जिवावर बेततं. विझत चाललेला निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. धूप झाला की धुपाटणं बाहेर.

दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला कोणताच धूर चांगला नाही, शुद्ध उदाचाही नाही. बाळ-बाळंतिणीला ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी देण्याची रीत जपायची असेल तर बाळाला धुरावर धरू नका. दुपटी दुसऱ्या खोलीत धुरीवर धरा, झटका, हवेवर पाच मिनिटं पसरा, मग गुंडाळा.

साफसफाई आणि साठवण

वरून विझलेली गोवरी आत कित्येक तास धगधगती राहते. राख तशीच कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत टाकली की पिशवी पेटते. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात प्रत्येक वेळी बादलीभर पाणी ओतायलाही नको. धुपाटण्यावर ताटली घट्ट झाका, रात्रभर ठेवा, सकाळी काडीने उकरून तपासा. मगच झाडांच्या कुंडीत घाला. यातली स्वच्छ, चाळलेली राख पुढच्या वेळी निखाऱ्यावर भुरभुरायला ठेवा. मात्र ही राख विभूती म्हणून कपाळाला लावू नका. तिच्यात जळक्या चिकाचा अंश असतो, आणि विभूतीची गोवरी वेगळी, निर्मळ जाळायची असते.

पितळेवर बसलेला तपकिरी थर चिंचेने निघत नाही, कारण तो पितळेचा डाग नसून चीक असतो. भांडं पूर्ण थंड झाल्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, तो विरघळतो. मग चिंच-मिठाने घासा. स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत त्यात निखारा नको.

खडे काचेच्या बरणीत, प्रत्येक जिन्नस वेगळा ठेवा. पारा 42-43 वर गेला की पत्र्याच्या खोलीत गुग्गुळ मऊ होऊन एक गोळा होतो आणि उदाचे खडे एकमेकांना चिकटतात. बिघडलेलं काही नसतं. बरणी दोन तास फ्रीजमध्ये ठेवून गोळा फोडा. बरणीत चमचाभर देवदाराचा चुरा टाकून हलवलं तर खडे पुन्हा चिकटत नाहीत. कापूर मात्र या बरण्यांजवळ ठेवू नका. तो हवेत उडत राहतो, आणि महिन्याभरात उदाला, सलईला, वाळ्याला सगळ्याला कापराचाच वास लागतो.